खेचरांची वाट, निळे पट्टे

आज ओहायोतल्या मायामी-ईरी कालव्याकाठी गावकऱ्यांसोबत बकाय ट्रेल या ओहायोभर फिरणाऱ्या पायवाटेच्या खुणा झाडांवर रंगवायचं काम झालं. सिनसिनाटी ते टोलेडो हा कालवा १८४५ मध्ये पूर्ण झाला. काठावरून खेचरं दोरानं होड्या ओढत, ती वाट म्हणजेच आजची पायवाट.

आधी जमीनमालकाची परवानगी, मग ब्रश. पाणी आटलेल्या भागात वाट कुठल्या काठावर, हा पहिला प्रश्न. बहुधा ती उताराच्या, म्हणजे नदीकडच्या बांधावर असते. माथा सपाट, साधारण १० फूट रुंद.

खूण २ इंच रुंद, ६ इंच उंच, निळी, डोळ्यांच्या उंचीवर. खरखरीत साल वरवर खरवडायची. आतला ओला थर दिसला तर थांबा, झाडाला जखम होते. बीच झाडाची साल पातळ, तिला खरवडणी नकोच. ॲश झाडांवर रंग फुकट जातो, किडीनं ती झाडं मरून पडताहेत. केसाळ वेल चढलेलं खोडही सोडा, तो विषारी आयव्ही असतो, खाजून जीव जाईल! ओल्या सालीवर रंग धरत नाही.

वळणावर दोन पट्टे, वरचा वळायच्या बाजूला सरकवलेला. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण माणसं एकाच दिशेनं चालत रंगवतात. परतीच्या खुणा परत येतानाच रंगवाव्यात. आणि उत्साहाच्या भरात झाडागणिक पट्टा नको, जंगल आहे ते, लग्नाचा मांडव नव्हे.

उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवलाय. लॉकच्या, म्हणजे होड्या वर-खाली नेणाऱ्या कालव्यातल्या जुन्या बांधकामाच्या दगडांना मात्र कुणीही ब्रश लावू नये.