समीकरण शेवटी लिहा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "मॅडम, पोरगं बाकी विषयांत बरं आहे, पण केमिस्ट्रीची समीकरणं काही केल्या पाठ राहत नाहीत. कसं करायचं?" सोलापुरात दहावीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे पालकांकडून हे सतत ऐकते. माझं उत्तर एकच असतं: पाठ करायला लावू नका. आधी पदार्थ ओळखू दे. तो पाण्यात विरघळतो का, तापवल्यावर काय होतं, आम्ल आहे की आम्लारी, वायू होऊन निघून जाणारं त्यात काही आहे का, हे कळलं की समीकरण आपोआप लिहिता येतं. ते शेवटी लिहायचं असतं.

एक नेहमीचा प्रश्न घ्या. चार पांढऱ्या पुडी आहेत: मीठ, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि चुनखडी. कोणती कोणती ते ओळखा. चुनखडी पाण्यात विरघळत नाही, ती लगेच बाजूला काढता येते. उरलेल्या तिन्हींवर विरल आम्लाचे थेंब टाकले की दोन्ही सोडे फसफसतात, मिठाला काहीच होत नाही. खरी परीक्षा त्या दोन सोड्यांची. मुलं म्हणतात, तापवून बघू, ज्यातून पाणी सुटेल तो खाण्याचा सोडा. इथे मी त्यांना थांबवते. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकातही पाण्याचे दहा रेणू असतात, म्हणजे परीक्षानळीच्या वरच्या भागात थेंब दोन्हीकडे दिसणार. मग निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा. निवळी दुधाळ झाली तर तो कार्बन डायऑक्साइड, आणि नळीत खाण्याचा सोडा. आता लिहा: दोन सोडिअम बायकार्बोनेटपासून एक सोडिअम कार्बोनेट, एक पाणी, एक कार्बन डायऑक्साइड. इतकं झाल्यावर हे समीकरण विसरलेलं मूल मला अजून भेटलेलं नाही.

पूर्व भागातल्या मुलांना मी हमखास रंगकामाचं उदाहरण देते, कारण त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोणीतरी सूत रंगवण्यात किंवा चादर-टॉवेल विणण्यात आयुष्य घालवलेलं असतं. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा धडा पुस्तकात कोरडा वाटतो, पण रंगाच्या टाकीत तो रोज घडतो. व्हॅट रंग (नीळ हा त्यातलाच एक) पाण्यात विरघळत नाही, आणि न विरघळणारा रंग धाग्याच्या आत शिरत नाही. म्हणून कॉस्टिक सोड्याबरोबर 'हायड्रो' घालतात, म्हणजे सोडिअम हायड्रोसल्फाइट. हायड्रो रंगाला इलेक्ट्रॉन देतं, रंगाचं क्षपण होतं आणि आम्लारिधर्मी द्रावणात तो विरघळतो. नीळ असेल तर टाकीतलं पाणी निळं नाही, पिवळसर हिरवं दिसतं. लडी पिळून हवेत टांगल्या की ऑक्सिजन लागतो, निळा रंग परत येतो, पण आता धाग्याच्या आत, पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात. म्हणून तो धुतला तरी सहजी निघत नाही.

परीक्षेत विचारतात, ऑक्सिडीकरण कोणाचं झालं? जो इलेक्ट्रॉन देतो त्याचं, म्हणजे टाकीत हायड्रोचं. हायड्रोचा डबा उघडा राहू देऊ नये, हे रंगारी कामगाराला माहीत असतं. हवेने आणि ओलाव्याने ते आपोआपच खर्ची पडतं, रंगासाठी काही उरत नाही. बापाला माहीत असलेली ही गोष्ट आणि मुलाच्या पुस्तकातली व्याख्या एकच आहे, हे त्या मुलाला कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासाठी मी शिकवते असं म्हटलं तरी चालेल. (हायड्रो आणि कॉस्टिक दोन्ही धोकादायक आहेत, मुलांच्या हाती देऊ नका.)

गणितांबद्दल थोडक्यात. २५ ग्रॅम चुनखडी पूर्ण भाजली तर चुनकळी किती? पुष्कळ मुलं २५ लिहितात. बेरीज-वजाबाकी त्यांना येते, पण भट्टीतून वायू निघून गेला हे त्यांच्या डोळ्यांसमोर नसतं. अणुवस्तुमानं कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ धरली की १०० ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम चुनकळी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. पाव भाग घेतला, म्हणून १४ आणि ११. बेरीज पुन्हा २५ येते.

घरी काय करायचं, असंही विचारता. बोअरचं पाणी जड असेल तर पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा. त्यावर व्हिनेगर टाकायला सांगा. बुडबुडे दिसले की मुलाला विचारा, कोणता वायू? कशावरून? मग समीकरण. कॅल्शिअमची संयुजा दोन आणि व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचा रेणू एकच हायड्रोजन सोडतो, म्हणून एका कार्बोनेटला आम्लाचे दोन रेणू लागतात. हा दोनचा आकडा कुठून आला हे त्याला स्वतःला शोधू द्या. वेळ लागला तरी उत्तर सांगू नका.