तुम्ही विचारलंत म्हणून : परिक्रमेतला सगळ्यात अवघड टप्पा

"शूलपाणीची झाडी फार अवघड गेली असेल ना?"

नर्मदेची पायी परिक्रमा करून आल्यापासून हा प्रश्न मला लग्नात, भाजीच्या गाडीपाशी, डॉक्टरांच्या बाकड्यावरसुद्धा विचारला गेलाय. मी "हो, चढ आहेत खूप" म्हणते आणि विषय पुढे जातो. पण परवा शेजारची एक मुलगी वही घेऊन समोर बसली. यंदा कार्तिकी एकादशीनंतर निघणार आहे. "काकू, खरं सांगा, सगळ्यात अवघड कुठलं?" तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

मला सगळ्यात अवघड गेले ते मध्य प्रदेशातल्या हंडियापासून ओंकारेश्वरपर्यंतचे शेवटचे आठ दिवस. त्यात एक डोंगर नाही, जंगल नाही. बहुतेक सगळा डांबरी रस्ता.

ज्यांना परिक्रमेची फारशी कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. ती कायम उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही, आणि एका तटाने जाऊन दुसऱ्या तटाने परत यायचं. मी आणि माझी नणंद ओंकारेश्वरहून निघालो. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, नावेने पलीकडे, उत्तर तटाने अमरकंटक आणि तिथून पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. वळसे धरून तीन हजार किलोमीटरच्या आसपास चाल झाली. पाच महिने लागले.

आता झाडीबद्दल. बडवानीजवळच्या राजघाटापासून गुजरातमधल्या गोऱ्यापर्यंतचा सातपुड्याचा हा पट्टा, त्यातला बराचसा आपल्या नंदुरबार जिल्ह्यात. पूर्वी इथे परिक्रमावासींना अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटत. लुटणाऱ्यांना 'मामा' म्हणायचं आणि मैयाची, म्हणजे नर्मदेची, इच्छा समजून पुढे चालायचं, असा रिवाज होता. ते दिवस गेले. आज त्याच पाड्यांवर "नर्मदे हर" म्हटलं की घरातून पाण्याचा तांब्या बाहेर येतो. चढ मात्र खरेच आहेत. भादलच्या पुढे एका उतारावर मुरूम इतका सुटा होता की आम्ही दोघी बसून बसून उतरलो. पुढे एक दहा-बारा वर्षांचा पोरगा अनवाणी चालला होता. दर वळणावर थांबायचा, मागे वळून बघायचा आणि आम्ही दिसलो की पुन्हा चालायला लागायचा. त्या रात्री एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या ओसरीवर आसन लावलं, म्हणजे मुक्काम केला. घरातल्या आजीने मक्याची भाकरी थापली, वर लाल मिरचीची चटणी घातली आणि आमचं खाऊन होईपर्यंत स्वतः जेवली नाही. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, तिला मराठी येत नव्हतं. सकाळी निघताना तिने माझी घोटी दाबून बघितली आणि तेल आणून चोळलं. पाय दुखतोय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून झाडीला 'अवघड' म्हणताना माझी जीभ अडते. तिथे शरीर दमतं, पण माणसं आणि डोंगर मिळून तुम्हाला पुढे नेतात. अवघड वाटलं ते दुसरंच. जुनी वाट नदीच्या काठाने होती. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, तिथवर पाणी चढलं आणि ती वाट खाली गेली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं. नवं गोऱ्याला बांधलंय. आता वाट डोंगराच्या अंगावरून जाते आणि मैया खोल खाली कधीतरी चमकून जाते.

दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून समुद्र ओलांडण्याची भीती पुष्कळजण घालतात. भरतीची वाट बघत थांबायचं, रात्री-अपरात्री नाव सुटायची, पलीकडे मीठीतलाईला गुडघाभर चिखलातून उतरायचं. गैरसोय आहे, पण ती एका रात्रीची. मध्य प्रदेशातल्या डिंडोरीकडची थंडीही कडक, तिला एक जाड कांबळं पुरतं.

हंडियानंतर काय होतं, ते सांगते. तोवर साडेचार महिने रोजचा दिवस पाण्याने सुरू झालेला असतो. उठायचं, स्नान, बरोबर घेतलेल्या छोट्या बाटलीतल्या नर्मदाजलाची पूजा, मग चाल. दुपारी कुठल्यातरी घाटावर पाय पाण्यात सोडून बसायचं. त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की त्याच्याशिवाय झोप लागत नाही. आणि हंडिया सोडलं की नदी जाते. पुनासाच्या इंदिरा सागर धरणाचा फुगवटा इथपर्यंत आहे. ९१३ चौरस किलोमीटरचा जलाशय, साठवणीत देशातला सगळ्यात मोठा. छोटी तवासारख्या उपनद्यांमध्येही पाणी आत शिरलंय, त्यामुळे काठाने जायचं म्हटलं तरी वाट नाही. मग हरदा, छनेरा, मूंदी असं सडकेने फिरून यावं लागतं.

एप्रिल होता. गहू काढून झाला होता, शेतात धसकटं उभी होती आणि रस्त्यावर कोसभर झाड नाही. अकराच्या पुढे डांबर मऊ पडायला लागायचं. झाडीत कधी न आलेले फोड मला इथे आले, तेही टाचेला नाही, तळव्याच्या मधोमध. शेजारून ट्रक जाई तेव्हा गरम वारा तोंडावर आदळे. तिसऱ्या दिवशी नणंदेने विचारलं, "वहिनी, आपण नक्की कशाच्या भोवती फिरतोय?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी तासभर काही न बोलता चालत राहिलो.

छनेरा म्हणजे नवं हरसूद. जुनं हरसूद २००४ साली रिकामं केलं गेलं. लोकांनी स्वतःच्या हातांनी घरं मोडली, विटा, दारं, चौकटी गाड्यांत भरून नेल्या. चहाच्या टपरीवर एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. आमच्या हातातली बाटली बघून त्यांनी आधी पायांतली चप्पल काढली, मग विचारलं, "मैया है इसमें?" मी हो म्हटलं. त्यांनी बाटलीला हात लावला नाही, नुसते हात जोडून उभे राहिले. मग दुकानाच्या मागे बोट दाखवून त्यांचं गाव कुठे होतं ते सांगायला लागले. बाजार कुठे, शाळा कुठे, आईला अग्नी दिला ती जागा कुठे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंतींचे पाये दिसतात, म्हणाले. ते अजून दर वर्षी जाऊन बघून येतात. चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

मूंदीच्या अलीकडे संत सिंगाजींची समाधी आहे. निमाडमध्ये त्यांना फार मानतात. पाणी येणार म्हणून समाधीभोवती उंच कोट बांधून घेतला. आता ती पाण्याने वेढलेली आहे, जायला मधून रस्ता केलाय. पाचव्या दिवशी तिथे पोहोचलो तेव्हा इतक्या दिवसांनी समोर पाणी दिसलं. पण ते वाहत नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि ओसरलेल्या बाजूला भेगाळलेल्या गाळात झाडांचे काळे बुंधे उभे होते. मी तिथल्या एका बाईंना विचारलं, "यह मैया ही है ना?" त्या चटकन म्हणाल्या, "और कौन होगी, माताजी?"

नणंद पायऱ्या उतरली आणि तीन बुड्या मारून आली. मी काठावरच बसले. त्या पाण्यात मला उतरता येईना. खाली गावं आहेत हे मनातून जाईना. नुसती ओंजळ घेतली आणि डोळ्यांना लावली. साडेचार महिन्यांत पाणी समोर असून स्नान चुकलं ते त्याच एका दिवशी. बरोबर केलं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तर मुली, वहीत लिहून घे. हंडियाला दोन दिवस आसन लाव आणि पाय पूर्ण बरे होऊ दे. पुढे पहाटे चारला निघायचं, दहापर्यंत चाल संपवायची. बुटाचा तळ जाड हवा, झाडीत वापरून झिजलेले बूट या रस्त्यावर घालू नकोस. पाण्याच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेव. छनेऱ्याला मुक्काम कर, घाईने पुढे जाऊ नकोस. टपरीवर कुणी त्यांच्या गावाबद्दल बोलायला लागलं तर पाठीवरची पिशवी उतरवून खाली बस आणि पूर्ण ऐकून घे, दिवसाचे किलोमीटर कमी झाले तरी चालतील.