दोलकाचा प्रयोग: वॉशर साखळीसारखे लटकवू नका

दोरा, लोखंडी वॉशर, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच. साहित्य इतकेच, पण दोलकाच्या तासाला निम्मे गट चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि त्यात मुलांचा दोष नसतो.

सुरुवात मोजणीने करू नये. वजन वाढवले, झोका मोठा दिला, दोरा लांब केला, तर एका आंदोलनाचा, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याचा, वेळ वाढेल की कमी होईल? प्रत्येकाने आधी वहीत लिहायचे. बहुतेक मुले 'जड दोलक लवकर येईल' असे लिहितात. तो अंदाज खोडू नका, फळ्यावर राहू द्या.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घोळ होतो तो इथे. वजन वाढवताना मुले वॉशर एकाखाली एक अडकवतात. तीन वॉशरनी वस्तुमानकेंद्र (सगळे वजन जिथे एकवटले असे धरतात तो बिंदू) दोनेक सेंटीमीटर खाली सरकते, म्हणजे नकळत लांबीही बदलते. २५ सेंटीमीटरच्या दोलकाला १० आंदोलनांसाठी १० ऐवजी साधारण १०.४ सेकंद लागतात आणि मुले लिहितात, 'वजनाने फरक पडतो'. सगळे वॉशर एकाच आकड्यात शेजारी शेजारी अडकवा. लांबी टांगलेल्या बिंदूपासून वॉशरच्या मध्यापर्यंत मोजा, गाठीपर्यंत नाही.

दोरा पेन्सिलीला नुसता गुंडाळला तर झोक्यासोबत टेकूचा बिंदू सरकतो. दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये तो घट्ट चिमटावा. वॉशर ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. ढकलला की तो लंबवर्तुळात फिरू लागतो.

वेळ एका आंदोलनाची घेऊ नये. बोटाला लागणारा ०.२ सेकंदाचा उशीर एका सेकंदात २० टक्के चूक करतो, १० आंदोलनांत फक्त २ टक्के. मोजणी 'शून्य'पासून सुरू करायची. 'एक' म्हणत घड्याळ चालू केले तर एक आंदोलन कमी भरते. ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात होते. झोक्याच्या टोकाला घड्याळ दाबू नये. तिथे वॉशर रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगात असतो, म्हणून तिथे खडूची खूण करा.

झोका लहान असो वा मोठा, वेळ तोच लागतो, हे पुस्तकातले वाक्य अर्धेच खरे आहे. ३० अंशांपर्यंतचा फरक २ टक्क्यांच्या आत, म्हणजे बोटाच्या चुकीत बुडतो. ६० अंशांवर मात्र आंदोलनाचा वेळ सुमारे ७ टक्के वाढतो, आणि चौकस मुलाला हा फरक सापडतोच. त्याला 'चुकलास' म्हणू नका.

लांबीचे आकडे असे यावेत: १० आंदोलनांना २५ सेंटीमीटरला १०, ५० ला १४.२, १०० ला २०.१ सेकंद. दुप्पट लांबीला दुप्पट वेळ लागत नाही, हे पाहून वर्ग थबकतो. तिथे सूत्र सांगायची घाई नको. आलेख काढून ७५ सेंटीमीटरचा वेळ आधी वाचायला लावा, मग मोजू द्या. १७.४ च्या आसपास यायला हवा. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक आला तर पहिल्यांदा आंदोलने मोजताना गफलत झाली का ते पाहा, नंतर लांबी पुन्हा मोजा. पाचेक सेंटीमीटरची चूक एवढ्याला पुरते.