हानडॉर्फच्या आधी क्लेमझिग: दक्षिण ऑस्ट्रेलियातील जुन्या ल्युथरन वसाहतींचा प्रवास

अॅडलेडला आलेले बहुतेक पर्यटक जवळच्या डोंगरातील हानडॉर्फ या जर्मन स्थलांतरितांनी वसवलेल्या गावाला जातात, मुख्य रस्त्यावर सॉसेज खातात, ककू घड्याळे पाहतात आणि संध्याकाळी परततात. ज्यांना या गावामागची माणसे समजून घ्यायची आहेत, त्यांनी हानडॉर्फ दुसऱ्या टप्प्यावर ठेवावे आणि सुरुवात क्लेमझिगपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

या लोकांच्या मायदेशी, म्हणजे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात, राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने ल्युथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन्ही प्रॉटेस्टंट पंथ एका चर्चखाली आणले आणि सर्वांसाठी एकच उपासनापद्धती सक्तीची केली. ती नाकारणाऱ्या ‘जुन्या ल्युथरनां’वर दंड आणि तुरुंगवासाची वेळ आली. त्यांच्यातील एक पाद्री ऑगस्ट काव्हेल (1798–1860) 1836 मध्ये लंडनला गेले आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात भांडवल गुंतवणारे जॉर्ज फाइफ अँगस यांना भेटले. अँगस यांनी प्रवासासाठी पैसे दिले खरे, पण ते कर्ज होते आणि व्याजासह फेडायचे होते. या वसाहतींतील काबाडकष्टांचा विचार करताना ही गोष्ट विसरू नये. धर्मस्वातंत्र्याची कथा सांगताना हिशेबाची वही सहसा बाजूला राहते.

नोव्हेंबर 1838 मध्ये काव्हेल आपल्या लोकांसह येथे पोहोचले आणि टॉरेन्स नदीकाठी त्यांनी वसवलेल्या वस्तीला मायदेशातील गावाचेच नाव मिळाले. आज क्लेमझिग हे अॅडलेडचे एक साधे उपनगर आहे. काँक्रीटच्या खास मार्गावरून धावणाऱ्या ‘ओ-बान’ बसने शहरातून तेथे सहज पोहोचता येते. पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, एक छोटी जुनी दफनभूमी आहे. परंतु पुढची गावे डोंगरापलीकडे का गेली, हे या सपाट नदीकाठावर उभे राहिल्यावर अधिक नीट उमगते.

त्याच वर्षी, काव्हेल यांच्या थोडे आधी, शूरमन आणि टायशेलमन हे दोन जर्मन ल्युथरन मिशनरी येथे उतरले होते. त्यांच्या जहाजाचे नाव ‘पेस्तनजी बमनजी’, म्हणजे थेट मुंबईच्या पारशी समाजातले. या दोघांनी स्थानिक कौर्ना लोकांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवले आणि 1840 मध्ये त्या भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह छापला. मध्यंतरी बोलण्यातून नाहीशी झालेली कौर्ना भाषा आज पुन्हा शिकवली जाते, ती मुख्यतः त्याच नोंदींच्या आधारावर.

हानडॉर्फ 1839 मध्ये वसले. ‘झेब्रा’ जहाजाचे कप्तान डिर्क हान यांनी प्रवाशांना बंदरावर सोडून निघून जाण्याऐवजी त्यांच्यासाठी जमीनमालकांशी स्वतः बोलणी केली, म्हणून गावाला त्यांचे नाव. ही जमीन मूळनिवासी पेरामांक लोकांची होती. छळापासून पळालेल्यांना आसरा मिळाला तो दुसऱ्यांच्या भूमीवर, ही विसंगती दुकानांच्या पाट्यांवर दिसत नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, अनेक जर्मन गावांची नावे बदलली गेली. हानडॉर्फचे ‘अॅम्बलसाइड’ झाले आणि जुने नाव 1935 मध्ये परत मिळाले.

गावात ‘हानडॉर्फ अकादमी’ या जुन्या शाळेच्या इमारतीतील संग्रहालय आणि सेंट मायकल्स चर्च अवश्य पाहावे. गावातील बायका मध्यरात्री निघून लोणी, अंडी, भाजीपाला पाठीवर घेऊन डोंगर उतरत आणि सकाळी अॅडलेडच्या बाजारात पोहोचत. परतताना चर्चसाठी प्रत्येकी दोन विटा आणत, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांची ती पाऊलवाट आता चालण्यासाठी आखून दिलेली आहे. अंतर सुमारे 26 किलोमीटर असल्याने सगळी चालायची असेल तर पहाटेच निघावे, अन्यथा हानडॉर्फकडचा थोडा भाग पुरेसा आहे.

माझ्या दृष्टीने या प्रवासाचा गाभा द्राक्षमळ्यांच्या बारोसा खोऱ्यात आहे. 1842 मध्ये वसलेल्या बेथनी गावात घरे रस्त्याला लागून आणि प्रत्येकाची शेतपट्टी मागे लांबवर, कोकणातल्या घरामागच्या आगरासारखी, गेलेली दिसते. याच बेथनीत 1846 मध्ये काव्हेल आणि नंतर आलेले पाद्री फ्रिट्शे यांच्यात धर्ममतांवरून, विशेषतः ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याच्या (तो परत येऊन पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील या) कल्पनेवरून, फूट पडली. एका उपासनाग्रंथापायी देश सोडणारी माणसे आठ वर्षांत आपापसांत वेगळी झाली, आणि त्या वादाच्या शाखा 1966 पर्यंत पूर्णपणे एकत्र आल्या नाहीत. शेजारच्या लहानशा टानुंडात एवढी ल्युथरन चर्चे का, याचे उत्तर बरेचसे येथेच मिळते. तेथील लँगमाइल चर्चकडे सायप्रसच्या दुतर्फा रांगांमधून वाट जाते आणि तेथील दफनभूमीत काव्हेल यांची कबर आहे. जुन्या शिळांवरील मजकूर जर्मनमध्ये असल्यामुळे भाषांतराचे अॅप आधीच फोनवर उतरवून ठेवावे.

हानडॉर्फला शहरातून बस मिळते, बारोसासाठी मात्र भाड्याची गाडी घेणे सोयीचे. अंतर साधारण 70 किलोमीटर आहे. इंग्रजीत छापलेला भारतीय वाहन परवाना पर्यटकांना चालतो आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते. वाटेत द्राक्षमद्य चाखण्याची ठिकाणे पावलोपावली लागतात, पण रक्तातील मद्याची मर्यादा 0.05 टक्के असून तपासणी कडक असते, तेव्हा चाखणारा आणि चालवणारा वेगळा असावा. चर्चच्या इमारती एरवी बंद असू शकतात. आतून पाहायच्या असतील तर रविवारच्या उपासनेच्या वेळी जावे आणि ती संपेपर्यंत फोटो काढू नयेत. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा 40 अंशांपर्यंत चढतो. शक्य असल्यास एप्रिल-मे निवडावा, तेव्हा द्राक्षमळ्यांची पानेही रंग बदलत असतात.