फ्लॅट आमचा, जिना सगळ्यांचा

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं जुनं घर वाटणीत गेलं आणि आम्ही नागाळा पार्कात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "ह्यात जागा कुठाय आपली?"

आहे की, कागदावर. आमची इमारत सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. महाराष्ट्राच्या 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे सांगणारा कागद, नोंदवलंय, त्यामुळं फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत आमच्या नावावर आहे. सोसायटीत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन नावावर करून देणारं खत, झाल्यावर जमीन सोसायटीची, आपण सभासद. हे ऐकून सासूबाई जरा निवळल्या. पण सामाईक खर्चही त्याच टक्क्यांनी वाटायचा असतो, हे घेताना कोण सांगत नाही. मोठ्या फ्लॅटवाले म्हणतात, आम्ही काय लिफ्टनं जास्त वेळा जातो? तळमजल्याचे म्हणतात, आम्ही तर जातच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू. ते उपविधी आम्हाला लागू नाहीत, तरी प्रत्येक मीटिंगला कोणीतरी मोबाइलवर उघडून वाचतंच.

खरी परीक्षा ऑगस्ट 2019 ला झाली. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. पंचगंगेनं ती कधीच मागं टाकली होती. तिसऱ्या मजल्यावर आम्ही कोरडे, त्यामुळं आधी जरा ऐटीत होतो. मग पार्किंगमध्ये पाणी आलं. मीटर तिथंच, बोअरची मोटर तिथंच. लाइट बंद केली, लिफ्ट बंद, वरच्या टाकीतलं पाणी संपलं. शहराची पाणी उपसा केंद्रंच पुरात, मग नळाला काय येणार? खाली कमरेएवढं पाणी आणि वर पिण्याच्या पाण्याची वानवा. शेवटी सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांनी. पेठेतल्या घरात एवढे हात एका हाकेवर मिळाले नसते असं म्हणणार नाही, पेठ ती पेठच. पण फ्लॅटमध्ये कोण कुणाला विचारत नाही म्हणतात, ते काही खरं नाही.

पूर ओसरल्यावर मीटर पहिल्या मजल्याच्या पायरीवर चढवायचं ठरलं. ठरलं, झालं नाही. वर्गणी गोळा होईपर्यंत 2021 चा पूर आला. स्वतःचं घर असतं तर वायरमनला बोलावून आठवड्यात काम उरकलं असतं. इथं भाडेकरू ठेवून पुण्यात राहणाऱ्या मालकांचे फोनच लागत नव्हते. दुसऱ्यांदा पाणी बघितल्यावर मात्र सगळ्यांनी पैसे दिले, तेही पटापट.

बाकी सुख आहे. कुलूप लावून गावाला जाता येतं, गच्चीवर पापड वाळतात, पार्किंगमध्ये सासूबाईंच्या मैत्रिणींचा अड्डा जमतो. फक्त पोराच्या लग्नात वर एक खोली चढवू म्हणायची सोय नाही, आणि वरच्यांच्या बाथरूमची गळती आमच्या छतावर उतरते. ती कुणाच्या खर्चानं काढायची, यावर वरचे आणि आम्ही सध्या जिन्यात हसून बोलतो, एवढंच.

कोल्हापुरात फ्लॅट बघताय तर मॉड्युलर किचन नंतर बघा. घोषणापत्रातला आपला टक्का आधी वाचा आणि मीटर, मोटर कुठल्या उंचीवर आहेत ते खाली जाऊन स्वतः बघून या.