शेफिल्ड: बारूददाणीच्या एका स्प्रिंगसाठी

शेफिल्डमध्ये डॉन नदीवरच्या बॉल स्ट्रीट पुलाजवळ विटांची एक लांबलचक इमारत आहे. हे कॉर्निश प्लेस, जेम्स डिक्सन अँड सन्सचा जुना कारखाना. आता तिथे लोक राहतात. ठासणीच्या बंदुकांच्या जमान्यात या कंपनीच्या तांब्या-पितळेच्या बारूददाण्या दूरदूरच्या शिकाऱ्यांकडे असत. त्यांतलीच एक माझ्या पिशवीत होती, धुऊन रिकामी केलेली आणि स्प्रिंग मोडलेली.

दाणीच्या तोंडाशी मापाची नळी असते, तिच्यावर ड्रॅमचे आकडे: २¼, २½, २¾, ३. एक ड्रॅम म्हणजे साधारण १.७७ ग्रॅम. नळीवर बोट ठेवून दाणी उलटी करायची आणि खटका दाबायचा. झडप उघडते, नळी भरते; खटका सोडला की स्प्रिंग, म्हणजे पोलादाची बाकदार पट्टी, झडप मिटवते. स्प्रिंग मेली तर झडप उघडी राहते. मग बारूद ओतताना बंदुकीत मागच्या बाराचा निखारा धुमसत असला, तर आग नळीवाटे थेट दाणीत शिरू शकते, आणि दाणी तर शिकाऱ्याच्या हातात! म्हणून ‘शोभेची वस्तू आहे, कुठलीही पट्टी बसवा’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

ही स्प्रिंग ज्या पोलादाची, त्याचा जन्म बघायला शहराच्या नैर्ऋत्येला शीफ नदीकाठी गेलो. ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटमध्ये मुशीत पोलाद वितळवण्याची जुनी भट्टी अजून शाबूत आहे. ही रीत काढणारा बेंजामिन हंट्समन आधी डॉनकॅस्टरला घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगांना हवं तसं पोलाद मिळेना, कारण तेव्हाच्या पोलादात कार्बन बाहेर जास्त, आत कमी असे. १७४०च्या दशकात त्याने ते मातीच्या बंद मुशीत, कोकच्या धगीवर पार वितळवलं आणि एकजिनसी केलं. भट्टीच्या काळ्या तोंडाशी मी बराच वेळ उभा होतो. शेफिल्डचं पुढचं सगळं वैभव एका घड्याळजीच्या स्प्रिंगपाशी सुरू होतं, हे मला फार मोठं वाटतं.

केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात एकेकट्या कारागिरांच्या कार्यशाळा पाहिल्या. प्रत्यक्ष काम झालं ते एका निवृत्त कारागिराच्या खोलीत. ते बोलत कमी, हात धरून दाखवत जास्त.

सुमारे १ टक्का कार्बनच्या पोलादाची पट्टी लाल करून राखेत हळूहळू निववली, म्हणजे ती नरम पडते. मग कानस. कानस लांबीच्या दिशेनेच चालवायची. आडवा एक ओरखडा राहिला तरी पुढे तिथूनच तडा जातो. टोकाकडे पट्टी निमुळती केली, म्हणजे वाक एका जागी न साचता सगळीकडे वाटला जातो. बाक दिला तोही पट्टी लाल असतानाच.

पाणी देताना, म्हणजे पट्टी तापवून एकदम निववून कडक करताना, त्यांनी दोरीला लोहचुंबक टांगला होता. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडा जास्त ताव दिला की लगेच तेलात. आता कानस नुसती घसरते, पण पट्टी काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून लख्ख केली आणि पुन्हा मंद आचेवर धरली. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग चढत गेले आणि ३०० अंशांच्या आसपास निळा आला. तिथेच थांबायचं. पिवळ्यावर थांबलं तर मोडते, निळ्याच्या फार पुढे गेलं तर दाबल्यावर परत येत नाही.

बसवण्याआधी पकडीत थोडी थोडी दाबून पाहिली. दर वेळी मूळ बाकावर परतली. दाणीवर चढवून खटका सोडला, तेव्हा झडप टक्‌कन मिटली.

स्क्रूच्या बुडाशी, जिथे पट्टी वाकत नाही तिथे, पाणी देण्याआधीच चालू साल बारीक कोरून ठेवलं होतं. जुने तुकडे चिठ्ठीसह दाणीबरोबरच ठेवले आहेत. मूळचं काय आणि नवं काय, हे पुढच्या मालकाला कळायलाच हवं.