ला तूर, पाँपादूर आणि कोकणातली दमट हवा

नुकता चुना मारलेली भिंत ओली असते तेव्हा खालचा जुना रंग तिच्यातून दिसत राहतो. नवख्याला वाटतं, हात पातळ पडला, आणखी एक द्यावा. जाणता माणूस थांबतो, कारण वाळल्यावर तीच भिंत पांढरीशुभ्र होणार असते. कणांमधलं पाणी जातं आणि तिथे हवा येते. प्रकाश कणातून हवेत आणि हवेतून पुढच्या कणात जाताना दर वेळी वळतो, विखुरतो, म्हणून डोळ्याला पांढरं दिसतं. ती जागा पाण्याने भरलेली असेल तर प्रकाश फारसा न अडता आत शिरतो. पावसात भिजलेला जांभा काळपट दिसतो तोही याच कारणाने.

पेस्टल, म्हणजे कोरड्या रंगीत खडूंनी चित्र काढण्याचं माध्यम, ही हीच वाळलेली भिंत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं मादाम द पाँपादूरचं व्यक्तिचित्र, ते काढणाऱ्याने आयुष्यभर घातलेला एक घोळ आणि आपल्याकडे पावसाळ्यात पेस्टलची होणारी दुर्दशा, हे सगळं या हवेपाशी येऊन थांबतं.

चित्रकार मोरिस काँतँ द ला तूर. (लातूरशी संबंध नाही. मेणबत्तीच्या उजेडातली चित्रं काढणारा जॉर्ज द ला तूरही वेगळा, तो शतकभर आधीचा.) जन्म १७०४ साली, उत्तर फ्रान्समधल्या सँ-काँतँ गावात. १७२०-२१ मध्ये व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा पॅरिसला आली आणि तिथल्या श्रीमंतांना पेस्टलमधल्या चेहऱ्यांचं वेड लावून गेली. ती लाट ला तूरने बरोबर पकडली. तैलरंगात थर वाळण्याची वाट बघावी लागते, वास येतो, गिऱ्हाईक कंटाळतं. पेस्टल मुळातच कोरडं, त्याला वाळणं नाही. मनात येईल तेव्हा थांबा, आठवड्याने पुन्हा सुरू करा. चेहऱ्यावर क्षणभर येऊन जाणारं हसू पकडायला असं माध्यम हवंच.

१७३७ पासून तो सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या चित्रकला अकादमीच्या सार्वजनिक प्रदर्शनात, चित्रं मांडू लागला. १७४१ च्या सालोंमध्ये त्याने न्यायाधीश द रिए यांचं जवळजवळ दोन मीटर उंचीचं पूर्ण व्यक्तिचित्र ठेवलं. खडूच्या भुकटीत एवढं मोठं काम करून त्याने तैलरंगवाल्यांना सरळ आव्हानच दिलं. ते चित्र आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. १७४६ साली तो अकादमीचा पूर्ण सभासद झाला आणि १७५० मध्ये राजाचा चित्रकार.

पाँपादूरचं चित्र १७५५ च्या सालोंमध्ये लागलं. उंची १७७.५ सेंटिमीटर. पंधराव्या लुईची ही प्रेयसी, पण अंगावर दागिना नाही. हातात संगीताची वही, मागे गिटार, टेबलावर पृथ्वीगोल आणि ओळीने पुस्तकं: माँतेस्किएचा कायद्यावरचा ग्रंथ, व्होल्तेअरचं महाकाव्य आणि ज्ञानकोशाचा चौथा खंड. या ज्ञानकोशाच्या पहिल्या दोन खंडांवर १७५२ मध्ये राजाज्ञेने बंदी आली होती. त्याचाच पुढचा खंड राजाच्या प्रेयसीच्या टेबलावर, कण्यावरचं नाव वाचता येईल असा ठेवायचा, ही काही सजावट नव्हे. बाई कुणाच्या बाजूच्या होत्या ते चित्र बघणाऱ्या सगळ्या पॅरिसला कळलं.

मला मात्र पुस्तकांपेक्षा कागद जास्त बोलका वाटतो. त्या काळी एवढा मोठा कागद मिळत नसे. निळसर कागदाचे बरेच ताव जोडून ते ताणलेल्या कापडावर चिकटवले आहेत आणि चेहरा वेगळ्या कागदावर काढून मध्ये बसवला आहे. बाईंना तासन्‌तास बसवून ठेवणं शक्य नव्हतं. समोरासमोर करायचं काम म्हणजे फक्त चेहरा. तो छोट्या कागदावर उरकायचा आणि रेशीम, लाकूड, पुस्तकं मागाहून सवडीने करायची. असे सुटे चेहरे ला तूरने पुष्कळ केले. सँ-काँतँच्या आंत्वान लेक्युये संग्रहालयात ते बघायला मिळतात आणि माझ्या मते त्याचं खरं काम तेच. गालाच्या सावलीत सरळ निळ्या-हिरव्या रेघा मारलेल्या असतात, बोटाने घोटलेल्या नसतात. लांबून बघितलं की कातडी जिवंत वाटते.

त्याच्यासारखं करून बघायचं असेल तर शाळेतले मेणाचे खडू बाजूला ठेवा. ऑइल पेस्टल हा वेगळाच प्राणी आहे. लागतो तो सॉफ्ट पेस्टल, आणि तो घरी वळता येतो. रंगद्रव्याची भुकटी आणि तेवढीच पांढऱ्या खडूची बारीक भुकटी घ्या. एक लिटर पाण्यात साधारण ३ ग्रॅम ट्रॅगाकँथ डिंक रात्रभर भिजत घाला. बाजारात ‘कतिरा’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाचा असतो, चालतो, पण प्रमाण स्वतः तपासावं लागतं. या पाण्यात भुकटी कणकेसारखी मळायची, टिपकागदावर बोटाएवढी कांडी वळायची आणि सावलीत वाळवायची. फिकी छटा हवी तर मळलेल्या गोळ्यात तेवढाच पांढरा गोळा मिसळा, त्यातला अर्धा घेऊन पुन्हा तसंच करा. चार-पाच वेळा केलं की गडदापासून फिक्यापर्यंत माळ तयार होते.

बिघडतं ते डिंकात. सगळ्या रंगांना एकच पाणी वापरलं की प्रशियन निळ्याची कांडी दगड होते आणि कागदावर नुसती ओरखडे काढते, तर गेरू भरपूर डिंकाने उगाच कडक होतो. मातीच्या रंगांना निम्म्या ताकदीचं पाणी पुरतं, काहींना नुसतं पाणीही चालतं. आधी एकच कांडी करून वाळवून बघावी, मग मोठा घाणा घ्यावा. आणि हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करा. पावसाळ्यात कांडी वाळायच्या आत तिच्यावर बुरशी येते, कारण डिंक हे बुरशीचं खाणं आहे. डिंकाच्या पाण्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले तर थोडा आवर बसतो.

कागद खरखरीत हवा. भुकटी त्या खरीतच अडकून बसते, दुसरं काही तिला धरत नाही. तीन-चार थरांनंतर खर भरली की खडू घसरायला लागतो. तेव्हा वर आणखी घासू नका. ताठ केसांच्या ब्रशने तेवढा भाग झटकून मोकळा करा. झटकताना कागद उभा ठेवा आणि तोंडाने फुंकू नका: कॅडमियमसारख्या रंगांची धूळ छातीत जाणं वाईट, शिवाय फुंकेबरोबर थुंकीचा बारीक थेंब पडला की तिथे काळा ठिपका कायमचा. एप्रिल-मेमध्ये मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत बोटाने रंग घोटणं म्हणजे घामाचं तेल कागदात घोटणं. गुंडाळलेल्या कागदाची वळी वापरा.

आता ला तूरचा घोळ. भुकटी झडते हे त्याला आयुष्यभर छळत राहिलं आणि ती पक्की बसवायला तो निरनिराळे द्राव लावून बघत राहिला. इथे चुन्याच्या भिंतीकडे परत या. द्राव कणांमधल्या हवेच्या जागा भरतो आणि खडूचं पांढरं पारदर्शक होतं. गालावरचा, रेशमावरचा उजेड आधी मरतो, गडद रंग आणखी गडद होतात. भुकटी बसवायचा आजचा फवारा (फिक्सेटिव्ह) हलका असला तरी नियम तोच. म्हणून फवारायचंच असेल तर खालच्या थरांवर, हात लांब ठेवून, आणि शेवटचे उजेड त्याच्यावर कोरडेच सोडा.

दुसरा घोळ हात आवरता न येण्याचा. अकादमीत दाखल होताना दिलेलं रेस्तू या चित्रकाराचं व्यक्तिचित्र त्याने पुढे पुन्हा हाती घेतलं आणि बिघडवून ठेवलं. जे माध्यम कधीच वाळत नाही ते कधी संपवायचं हेही सांगत नाही.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर जलरंगात याच्या उलट टोकाला होते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली त्यांची दिवा धरलेली स्त्री कागदाच्या पांढऱ्यातून उजळते. जलरंगात पांढरा राखायचा असतो, पेस्टलमध्ये तो वरून ठेवायचा असतो. दोन्हीकडे चूक झाली तर परत फिरणं अवघड.

चित्र झालं की कोकणात खरी कसोटी लागते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती सहज ८५ च्या पुढे असते. चाकरमान्यांचं घर मृगापासून बंद, गणपतीला कुलूप उघडलं की फ्रेममध्ये काळ्या रंगावर पांढरी लव. तैलचित्र असतं तर जपून पुसता आलं असतं. पेस्टल पुसलं तर बुरशीबरोबर चित्रही जातं.

फ्रेमला काचच लावा. ॲक्रिलिक घासलं गेलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि ते भुकटी ओढून घेतं. काच आणि चित्र यांत निदान ५-६ मिलिमीटर जागा सोडा, मधली पट्टी लाकडाची असली तर आधी नीट वाळलेली. चिकटवायला पिठाची खळ कमीत कमी वापरा, कसर आणि बुरशी दोघांनाही ती आवडते. मागची बाजू कागदी पट्टीने बंद करा. नैर्ऋत्येच्या भिंतीवर टांगू नका, पावसाचा मारा तिच्यावरच असतो आणि जांभा पाणी ओढतो. आतल्या भिंतीवर टांगा, मागे बुचाचे चार तुकडे लावून बोटभर हवा खेळू द्या. बंद राहणाऱ्या घरात चित्र टांगूनच ठेवू नका, पावसाआधी मुंबईला घेऊन जा. नेताना ते आडवं, चेहरा वर करून मांडीवर धरा. खड्ड्यांत बसणारे धक्के भुकटी सैल करतात. याच भीतीने मोठी संग्रहालयं जुनी पेस्टलं सहसा उसनी देत नाहीत आणि मंद उजेडात, साधारण ५० लक्समध्ये, ठेवतात.

ला तूर शेवटी सँ-काँतँला परतला आणि १७८८ मध्ये तिथेच वारला. कमावलेल्या पैशातून त्याने गावात मोफत चित्रकला शाळा काढली, गरीब बाळंतिणींसाठी आणि थकलेल्या कारागिरांसाठी निधी ठेवला. १९७६ पासून काही वर्षं फ्रान्सच्या ५० फ्रँकच्या नोटेवर त्याचा चेहरा होता.